एक विद्यार्थी कमी

यंदाच्या सत्रापर्यंत मी एमबीएच्या मुलांना कला व्यवस्थापन शिकवत होतो. गोंदियात हे वाक्य मला कधी धड पुरं करता आलं नाही. न्हावी कात्री थांबवून विचारायचा, "मतलब सर, डान्स सिखाते?" माझे घरमालक तांदळाचे व्यापारी. पाहुण्यांशी माझी ओळख करून देताना ते "एमबीए कॉलेजमध्ये आहेत" एवढं म्हणून घाईघाईनं चहा मागवायचे. एकदा तपासणीला आलेल्या समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "या विषयाची प्रयोगशाळा कुठे आहे?" मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोरच्या मैदानात कुणाच्या तरी लग्नाचा मंडप उतरत होता. त्यांना ते उत्तर आवडलं नाही, पण ते खोटं नव्हतं.

आता तो विषय बंद झाला आहे. त्यात माझा हात किती आणि परिस्थितीचा किती, हे माझं मला अजून सुटलेलं नाही. ज्याच्याशी बोलावं असा माणूस जवळ नाही. लग्न राहून गेलं, भावंडं आपापल्या गावी आहेत, आणि स्टाफरूममध्ये फायनान्सवाले फायनान्सवाल्यांशी बोलतात. म्हणून लिहायला बसलो आहे.

हा विषय बाहेरच्या माणसाला सांगायचा तर असा. नट नाटक करतो, गायक गातो, दंडारीतला, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्यातला, माणूस पायात चाळ बांधून नाचतो. त्याला उभं राहायला जागा मिळते, माइक चालू असतो, वीज गेली तर जनरेटर येतो, नटीला कपडे बदलायला आडोसा असतो, ढोलकीवाला कोणाकडे तरी जेवलेला असतो. हे आपोआप होत नाही. कोणीतरी सकाळपासून त्यामागे धावत असतो. सगळं नीट झालं तर तो कुणाच्या लक्षात येत नाही, बिघडलं की मात्र सगळ्यांना त्याचं नाव आठवतं. लोक का आले आणि पुढच्या वर्षी पुन्हा का येतील, हेही त्यालाच बघावं लागतं. या कामाचं रीतसर शिक्षण म्हणजे कला व्यवस्थापन. एमबीएच्या पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं शिकावं लागतं. दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं आपला विषय निवडायचा. मुलं फायनान्स घेतात, मार्केटिंग घेतात. माझा विषय कोपऱ्यात असायचा. आमच्या कॉलेजचा नियम असा की किमान दहा मुलांनी निवडला तरच विषय त्या वर्षी चालणार.

मी स्वतः या विषयाकडे उशिरा आलो. आधी एका नाटक कंपनीत पडदे आणि लाइट बघायचो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. आज या गावात तर उद्या त्या गावात, सगळा बारदाना ट्रकवर. ते काम मला येत होतं, पण आपण जे करतो त्याला काही शास्त्र असेल असं वाटायचं. तिशी उलटल्यावर हिय्या करून पुण्याला एमबीएला गेलो, कारण तिथे हा विषय आहे असं कळलं होतं. वर्गातली मुलं मला पहिल्या आठवड्यात थट्टेनं काका म्हणाली आणि मग ते सवयीनंच राहिलं. पुस्तकं चांगली होती, पण उदाहरणं सगळी परदेशातली. ऑपेरा, संग्रहालयं, वर्षभराची तिकिटं आगाऊ घेणारे प्रेक्षक. परीक्षेत एकदा प्रश्न आला की नाट्यगृहाची वरची बाल्कनी रिकामी राहते, उपाय सुचवा. मी लिहिलं की आमच्याकडे बाल्कनी नसते, लोक ताडपत्रीवर बसतात, आणि उशिरा आलेले झाडावर चढतात. झाड रिकामं राहिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावून घेतलं. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तुमच्या झाडांविषयी माझ्याकडे एकही पुस्तक नाही. तुम्हालाच काय ते बघावं लागेल."

या वाक्यावर मी पुढे बरीच वर्षं काढली.

पुण्यात दिवाळीला वसतिगृह रिकामं झालं. चार दिवसांसाठी एवढ्या लांब गावी येणं परवडणारं नव्हतं. मेस बंद, जिन्यावर कुत्रं. गावाकडे मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या असतील, आणि मी एका खोलीत बसून उत्सव कसे भरवावेत यावरचं पुस्तक वाचत होतो.

पुढे गोंदियाच्या कॉलेजात लागलो. संस्थेनं हा विषय ठेवायला परवानगी दिली ती माझ्या आग्रहामुळे आणि बहुधा माहितीपत्रकात चांगला दिसतो म्हणून. तऱ्हेतऱ्हेचे विद्यार्थी आले. एका राइस मिलवाल्यांच्या मुलानं गणित नाही असं ऐकून विषय घेतला आणि पहिल्याच आठवड्यात, कार्यक्रमाचं अंदाजपत्रक सुरू झाल्यावर, "सर, ये तो धोखा है" असं भर वर्गात म्हणाला. पण त्यानं कॉलेजच्या संमेलनाची व्यवस्था अशी चोख केली की पाहुणे कलाकार जाताना त्याचा नंबर घेऊन गेले. आज तो मिल बघतो. माझ्या विद्यार्थ्यांत सगळ्यात यशस्वी कोण, असं विचारलं तर त्याचंच नाव घ्यावं लागेल, आणि मिल आधीपासूनच होती हेही सांगावं लागेल.

सगळ्यात हुशार विद्यार्थी रोशन. तिरोड्याकडचा, बोदलकशाचा. घरी थोडी शेती आणि तलावातली मासेमारी. त्यानं तलावाच्या काठच्या गावांतल्या भजनी मंडळांचं असं वेळापत्रक बसवलं होतं की कोणतं मंडळ कोणत्या गावी कधी जाऊ शकेल हे एका कागदावर दिसे. मी ते वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आलो. तो आला तेव्हा फायनान्सच घेणार होता. मी त्याला तीनदा बोलावून समजावलं, कारण त्या वर्षीही एक मुलगा कमी पडत होता. पदवीनंतर नागपुरात एका कला महोत्सवात त्याला हंगामापुरतं काम मिळालं. गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो त्यानं मला पाठवला होता. हंगाम संपला, काम संपलं. आता तो गोंदियाच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात नोकरी करतो.

स्टेशनकडे जायला त्या दुकानावरून सरळ रस्ता आहे. मी मागच्या गल्लीनं जातो.

एकदा घाईत होतो म्हणून सरळ गेलो आणि नेमका दुकानासमोरच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रोशननं पाहिलं. धावत आला, मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि चप्पल स्वतः हातात घेऊन चांभाराकडे गेला. मी नको नको म्हणत राहिलो. परत आल्यावर काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "हे माझे सर."

"क्या पढ़ाते हैं?" गिऱ्हाइकानं विचारलं.

रोशननं त्याला सगळा विषय समजावून सांगितला. कलाकार, प्रेक्षक, जागा, पैसा, पुढच्या वर्षी पुन्हा येणारी माणसं. मला इतक्या वर्षांत कोणाला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणालं, "अच्छा है." मग रोशननं त्याला स्क्रीनगार्ड बसवून दिला. मी चहा तसाच अर्धा ठेवून उठलो.

दर शिक्षकदिनी त्याचा फोन येतो. "मस्त चालू हाय सर. तुमी कसे?" मी म्हणतो, मजेत. तक्रार तो करत नाही, आणि तो खरंच कसा आहे हे मीही कधी विचारलेलं नाही.

दरवर्षी सत्र सुरू होताना मी दहा मुलं जमवायचो. या कामात मी तरबेज झालो होतो. कोणाचे वडील दंडारीत नाचतात, कोणाची आत्या गाते, कोणाला हिशेबाची भीती वाटते, हे मला ठाऊक असायचं. माझं एक छोटं भाषण तयार होतं. गर्दीत वेगळं उठून दिसाल, आपल्या मातीतलं काम आहे, पुढे या क्षेत्राला मोठी मागणी येणार आहे. शेवटचं वाक्य म्हणताना मी मुलाकडे न बघता खिडकीकडे बघायचो. आपण विषय टिकवतो आहोत असं मी स्वतःला सांगायचो. विषय टिकला की माझी नोकरी टिकत होती, हेही त्यातच होतं.

प्रणाली सौंदडची. पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिला हा विषय आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. तिचे वडील शालिकरामभाऊ धानाची शेती करतात आणि गावच्या दंडारीचे म्होरके आहेत. गेल्या दिवाळीनंतर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक मी सौंदडच्या मंडईत ठेवलं, आणि गावची म्हणून प्रणालीही मदतीला आली.

मंडई म्हणजे गावाचा वर्षाचा दिवस. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, दुकानं, जिलेबी, शिंगाडे, पोरांच्या पिपाण्या, आणि भर दुपारी मैदानात दंडार. दंडारीत नाच-गाणं चालू असताना कोणी बक्षीस दिलं की गाणं थांबतं आणि माइकवर नाव पुकारलं जातं. देणारा बहुतेक वेळा स्वतःचं नाव सांगत नाही. हैदराबादला कामाला गेलेल्या मुलाचं सांगतो, येऊ न शकलेल्या लेकीचं सांगतो, वारलेल्या वडिलांचं सांगतो. नाव घेतलं की ढोलकीवर एक थाप पडते आणि गाणं पुढे जातं. दोन ओळी झाल्या की पुन्हा नाव.

माझ्या पुस्तकी डोळ्याला ते खटकत आलं होतं. प्रयोग सलग झाला तर रंगतो, हे मी पुण्यात शिकलो होतो. मी सुचवलं की मैदानाच्या तोंडाशी बक्षिसाची पेटी ठेवू, लोक तिथे नाव सांगतील, आणि सगळी नावं शेवटी एकत्र वाचू. शालिकरामभाऊंना ते लगेच पटलं.

"बरं होईल जी," ते म्हणाले. "दर खेपेले सूर तुटते. एकडाव गाणं तं पुरं होईल."

आणि गाणं खरंच पुरं झालं. इतकी सलग, इतकी चढत गेलेली दंडार मी त्याआधी ऐकली नव्हती. म्हाताऱ्या गायकांचे डोळे भरून आले. मुलांनी मला टाळी दिली. मग दंडार संपली, आणि लोक उठले. कोणाला गाडी गाठायची होती, कोणाला बांगड्या घ्यायच्या होत्या, घरी पाहुणे खोळंबले होते. प्रणालीचा आवाज खणखणीत म्हणून नावं वाचायचं काम आम्ही तिला दिलं होतं. ती एकेक नाव वाचत राहिली. समोर ताडपत्र्या गुंडाळणारी दोन माणसं होती आणि फुगेवाला उरलेले फुगे सोडवत होता. हैदराबादचे मुलगे, नागपूरच्या लेकी, वारलेले आईवडील, सगळ्यांची नावं तिनं त्या मोकळ्या मैदानाला ऐकवली. मी तिला थांबवलं नाही. काय म्हणून थांबवणार?

ती खाली उतरली तेव्हा एक म्हातारी घाईघाईनं आली.

"काव पोरी, माया पोराचं नाव घेतली का?"

"घेतली आजी."

"कवा?"

"आत्ताच घेतली."

"मंग मले काऊन नाही आयकू आलं? पुन्हा घे."

माइकवाल्यानं तारा गुंडाळायला घेतल्या होत्या. प्रणालीनं तिच्याजवळ उभं राहून, तोंडानंच, नाव घेतलं. म्हातारीनं डोकं हलवलं.

"मोठ्यानं घे व. हैदराबादले हाय तो."

प्रणालीनं मोठ्यानं घेतलं. ओरडूनच घेतलं. आजूबाजूचे दोघेतिघे हसले, म्हातारीही हसली आणि गेली. प्रणाली हसली नाही. दुसऱ्या दिवशी तास होते म्हणून तीही आमच्याबरोबर निघाली; परतीच्या गाडीत तिनं मला विचारलं, "सर, आपण गाणं वाचवलं, आणि बाकी सगळं घालवलं. असं कायनं होते?" मी म्हणालो, याचा अभ्यास करावा लागेल. ती म्हणाली, "मग मी करते." माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत आपणहून या विषयाकडे आलेली ती एकच मुलगी. भाषण करावं लागलं नाही.

यंदा सत्र सुरू झालं तेव्हा माझ्याकडे नऊ नावं होती. प्रणालीनं अजून कळवलं नव्हतं. आमच्या संचालिका मॅडम स्वभावानं वाईट नाहीत, पण स्पष्ट आहेत. "सर, नौ से नहीं चलेगा," त्या म्हणाल्या. "शनिवार तक एक और लाइए. नहीं तो मैं आपको बिज़नेस कम्युनिकेशन दे रही हूँ."

मी प्रणालीला गाठलं. ती म्हणाली, "मी तुमचाच विषय घेणार हाय सर. पण मामा पतसंस्थेत हायेत, ते म्हणतात फायनान्स घे, चिकटवून देतो. बाबा म्हणतात, सरांसंग बोलून मगच ठरवू. तुम्ही या ना घरी. तुम्ही सांगितलं तर बाबा आयकतीन."

हे माझ्या हातातलंच काम होतं. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं सौंदडला गेलो. धानाच्या रोवणीचे दिवस होते. खिडकीतून दोन्हीकडे पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, दिसत होत्या आणि ओळीनं वाकलेल्या बाया. डब्यात मी माझं भाषण मनात घोळवलं. त्यात शालिकरामभाऊंसाठी दंडारीचं एक वाक्य वाढवलं.

ते चिखलातून तसेच घरी आले. पाय धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसले आणि माझ्यासमोर बसले. प्रणालीच्या आईनं, इंदूबाईंनी, चहा आणला. प्रणाली दाराला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर ठरल्यासारखा भाव होता. सर आले म्हणजे आता झालंच.

"पाच मिनिटं बसतो जी," शालिकरामभाऊ म्हणाले. "धानाचे पऱ्हे वाफ्यात पडून हायेत, रोवणी खोळंबली. मले तुमच्या कॉलेजातलं काही समजत नाही. एकच सांगा. ह्या विषयावर पोरीले नोकरी भेटन का?"

माझं भाषण ओठांवर होतं. पुढे या क्षेत्राला मोठी मागणी येणार आहे. मी बघण्यासाठी खिडकी शोधली. त्या खोलीत खिडकी नव्हती. समोर फक्त ते होते, आणि माझं उत्तर जसं येईल तसं घ्यायला तयार बसलेले होते. मला रोशन आठवला, स्क्रीनगार्ड बसवताना.

"नाही," मी म्हणालो. "नाही भेटणार."

"नाही?"

"एखाद्याला मिळते. बहुतेकांना नाही मिळत."

"मंग तुमी कायले शिकवता जी?"

"मला दुसरं काही येत नाही," मी म्हणालो.

इंदूबाई फिसकन हसल्या आणि पदर तोंडावर धरला. शालिकरामभाऊही हसले. "खरं बोलले बापा," ते म्हणाले. "मास्तर लोक असं बोलत नाही." मग त्यांनी प्रणालीकडे बघितलं. "आयकली ना? मामाले फोन कर." ती आत गेली. ते पुन्हा बांधीकडे निघाले. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दोनदा दाबला. मी त्यांच्या पोरीचं भलं केलं असं त्यांना वाटत होतं.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. बाकावर बसलो तेव्हा मला हलकं वाटत होतं, हे लपवत नाही. कितीतरी वर्षांनी खरं बोललो होतो. विषय गेला तर गेला. तेवढ्यात प्रणाली सायकलवरून आली. सायकल तिनं भिंतीला टेकवली, पण माझ्याजवळ बसली नाही.

"सर, तुमाले मी बोलावली होती ना?"

"हो."

"मंग माह्या बाजूनं काऊन नाही बोलले?"

"मी खरं तेच सांगितलं, प्रणाली. उद्या तुला..."

"बाबानं विचारलं नोकरी भेटन का. ते त्याहीनं विचारलंच पाहिजे. पण मले शिकाचं हाय का, हे तुमाले माहीत होतं. ते तुमी सांगितलंच नाही."

मी म्हणालो, "माझ्या एका विद्यार्थ्याचं मी असंच नुकसान करून बसलो आहे. रोशन म्हणून."

"मोबाइलवाला रोशनदादा?" ती म्हणाली. "त्याले मी विचारून आली मागच्या हप्त्यात. तुमीच तं त्याचं वेळापत्रक दाखवता दरवर्षी. म्हणून विचारली."

मी बाकावरून उठलो. मग विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, घे. नोकरी नाही भेटत, पण घे. म्हणाला, आमच्या तिकडच्या भजनाचं अजूनबी मीच पाहून राहिलो." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमाले माहीत नाही का?"

मला माहीत नव्हतं. त्याच्या दुकानासमोरून मी जात नव्हतो.

गाडीची घंटा झाली. मला मागे फिरायचं तर हीच वेळ होती. अजून शालिकरामभाऊ बांधीतच होते, चालत पंधरावीस मिनिटांवर. मी बांधावर उभं राहून म्हणू शकलो असतो की भाऊ, अर्धंच सांगितलं, अर्धं राहिलं. शनिवार उद्या होता, म्हणजे वेळही होता. पण माझ्या मनात आलं की आता परत गेलो तर त्यांना वाटेल, मास्तर शेवटी आपल्या विषयासाठीच आला होता. आणि ते पूर्ण खोटं नव्हतं. मी खरा माणूस म्हणून त्यांच्या घरातून निघालो होतो आणि तसंच राहावं असं मला वाटलं. गाडी आली. मी चढलो. प्रणालीनं हात केला नाही. सायकल घेऊन ती फाटकाकडे चालत गेली, बसली नाही, चालतच गेली.

त्यानंतर बऱ्याचदा विचार केला आहे. आधीची सगळी वर्षं मी मुलांना खोटं बोलून विषयात ओढत होतो. यंदा एका मुलीला खरं बोलून विषयातून बाहेर काढलं. दोन्ही वेळा मी समोरच्याला काय हवं आहे ते विचारलं नाही. माझं ओझं कसं उतरेल तेवढंच बघितलं. आधी ते नोकरीचं होतं, आता मनाचं.

सोमवारी नऊ मुलांना दुसऱ्या विषयांत वाटून टाकलं. कोणी फारसं हळहळलं नाही. एकानं तर मला थँक यू म्हटलं. माझ्या वेळापत्रकात आता बिझनेस कम्युनिकेशन आहे. नोटीस कशी लिहावी, बैठकीचं इतिवृत्त कसं ठेवावं. ते मी प्रामाणिकपणे शिकवतो. कला व्यवस्थापनाची पुस्तकं ग्रंथालयात परत केली. ग्रंथपाल म्हणाले, "किती वर्षांनी आली हो ही." खोलीवर संध्याकाळी आता तयारी करायला काही नसतं. नोटीस मला पाठ आहे.

रोशनकडे गेलो, एवढं मात्र सांगतो. सरळ रस्त्यानं गेलो. काउंटरवर गर्दी होती. तो म्हणाला, "बसा सर, दोन मिनिटं." मी बसलो. गर्दी हटली नाही, मधूनमधून तो माझ्याकडे बघून हसत होता. भजनांचं विचारायचं होतं, ते त्या दिवशी राहिलं. पण उठताना पुन्हा येतो म्हणालो, आणि त्यानंतर दोनदा गेलो आहे.

प्रणाली फायनान्सच्या चाचणीत वर्गात पहिली आली. व्हरांड्यात समोर आली की "गुड मॉर्निंग सर" म्हणते आणि जाते. आधी ती थांबायची. मी तिला काही म्हणायचं ठरवतो आणि तोवर ती वर्गात शिरलेली असते.

हे लिहीत असताना, दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत कोणी नव्हतं.

"सर, आईनं मंडईले बोलावलं हाय."

"बरं," मी म्हणालो.

"आईनं. मी नाही बोलावून राहिली."

"समजलं."

"लाखोरीच्या डाळीचे वडे करणार हाय ती. म्हणे, सरांले सांग जेवल्याबिगर जाचं नाही."

"दंडारीचं यंदा कोण बघतंय?"

"मी."

"काही मदत लागली तर..."

"नाही लागत." मग बाहेर बघत, "तुमी बसजा फक्त. पाहुण्यावानी."

मी येतो म्हणालो. ती मान हलवून वळली. तिचा पुढचा तास फायनान्सचा होता आणि तिला उशीर झाला होता.